अक्काचं विमान

आमच्या ऑफिसातली टूरची सगळी तिकिटं माझ्या टेबलावरून जायची. जाताना माणूस तिकीट घेऊन जायचा आणि येताना एक किस्सा घेऊन यायचा. टूर रिपोर्ट साहेबांकडे जायचे, पण किस्से कुठे फाईल करणार? ते माझ्याकडेच साठत गेले!

जळगावच्या एमआयडीसीत आमची ठिबकच्या नळ्यांची कंपनी. नव्वदीच्या मध्यावर धंदा वाढला, तशी आमची सेल्सची मंडळी महिन्यातून एखाददा औरंगाबादहून विमानाने मुंबई आणि तिथून अहमदाबाद नाहीतर हैदराबाद करू लागली. त्याच सुमारास नव्या विमान कंपन्यांनी कार्डं काढली. आमच्याच विमानाने फिरा, पॉइंट जमवा, फुकट तिकीट मिळवा! झालं, चहाच्या सुट्टीत ठिबकचं नाव कोणी काढेना.

* * *

कार्ड कोणत्या कंपनीचं घ्यायचं यावर चक्क साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग भरली. गिरीश हा आमचा धुळ्याचा तरुण सेल्समन. दोन्ही कंपन्यांची पत्रकं त्यानेच आणली होती. एका कंपनीचं फुकट तिकीट तीस उड्डाणांनंतर मिळायचं, पण ज्याचं कार्ड त्यालाच. दुसरीचं चाळीस उड्डाणांनंतर, पण ते घरच्या कोणालाही देता यायचं.

सगळ्यांनी तिसांची कंपनी धरली. चाळिसांची घेतली ती एकट्या प्रभाकरभाऊंनी. भाऊ असोद्याचे, आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं.

गिरीश म्हणाला, "भाऊ, दहा उड्डाणं जास्त! तुम्हाला पुरायची का ती?"

"मला ते तिकीट नकोच आहे," भाऊ म्हणाले. "मला अक्काला विमानात बसवायचंय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा भाऊ चार वर्षांचे होते. अक्काने त्यांना कडेवर घेऊन केळीच्या बागेत मजुरी केली आणि भावाला इंजिनियर केलं. स्वतः ती भुसावळच्या पुढे कधी गेली नव्हती. नोकरी संपली की कंपनीच्या खर्चाने उडणं संपणार, म्हणून भाऊंना घाई होती.

* * *

विमानात एक फॉर्म द्यायचे, आमची सेवा कशी वाटली म्हणून. सगळे त्याच्यावर खुणा करून मोकळे व्हायचे. भाऊंनी एकदा फॉर्मची मागची बाजूही भरली. 'जेवणात वांग्याचं भरीत ठेवावं', आणि खाली कृती! वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावीत, मिरच्या ठेचून घ्याव्यात, मिक्सर लावू नये.

महिन्याभराने कंपनीचं आभाराचं पत्र आलं आणि सोबत एका उड्डाणाचे पॉइंट बक्षीस!

गिरीशने लगेच आपल्या विमान कंपनीला शेवभाजीची कृती पाठवली. त्याला नुसतं आभाराचं पत्र आलं.

* * *

पॉइंट हवे असतील तर बोर्डिंग पासचा तुकडा कंपनीला पाठवावा लागे. एकदा भाऊ हैदराबादहून परतले तेव्हा अक्का घरी आलेली. तिने येताक्षणी भावाचे शर्ट धुवायला घेतले, खिशातल्या तुकड्यांसकट!

लगदा झाला. अक्काने बिचारीने तो तव्यावर वाळवायचा प्रयत्न केला. "कामाचं व्हतं का रे काही?" तिने घाबरून विचारलं.

"नाही अक्का, बसची तिकिटं होती," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हे हसत सांगितलं खरं, पण चार उड्डाणं वाहून गेली होती. मला काही ते हसू बघवलं नाही.

* * *

रिटायरमेंटला तीन महिने उरले आणि भाऊंना दहा उड्डाणं कमी पडत होती. अशात गिरीशची हैदराबादची टूर लागली. आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन वाकून उभा राहिला. "ताई, मन्हं पोट दुखी रायनं!" एरवी ऑफिसात तो शुद्ध बोलायचा. खोटं बोलायचं असलं की मात्र हमखास धुळ्याच्या बोलीत शिरायचा. मी टूर भाऊंच्या नावावर केली.

पुढच्या महिन्यात अहमदाबादची टूर आली आणि गिरीशचं पोट परत दुखलं. साहेबांनी मला आत बोलावलं.

"धुळ्याच्या माणसाचं पोट विमानाच्या तिकिटावरच कसं दुखतं हो?"

साहेबांनी टूरचा कागद माझ्याकडे सरकवला. "भाऊंचंच नाव घाला. आणि पुढच्या आठवड्यात मी जाणार होतो ना मुंबईला? माझाही घसा बसणार आहे."

मी बाहेर आले आणि टाइपरायटरसमोर बसून मनसोक्त रडले.

* * *

तिकीट मिळालं! औरंगाबाद ते मुंबई, अक्काच्या नावाचं. भाऊंनी शेजारच्या सीटचं स्वतःसाठी विकत घेतलं. त्याच विमानाने गिरीशला मुंबईत काम निघालं, म्हणजे मीच काढलं. त्याची सीट त्यांच्या मागे. पुढचं सगळं त्याने सांगितलेलं.

अक्का खिडकीशी बसली होती, नऊवारी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन. विमान निघायच्या आधी एअरहोस्टेस वाकून म्हणाली, "आजी, पहिल्यांदाच ना? घाबरू नका हं."

"मले काय व्हते?" अक्का म्हणाली. "याले पाह्य माय."

भाऊंनी डोळे गच्च मिटले होते. दोन्ही हातांनी खुर्ची आवळून धरली होती आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"ल्हानपनापासून असाच हाये," अक्का म्हणाली. "झाडावर बसवला तरी रडे."

तिने भाऊंची बोटं एकेक करून सोडवली, हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने त्यांचं कपाळ पुसलं. विमान उडालं. खाली गाव, शेतं, डोंगर सगळं सरकत होतं, पण अक्काने खिडकीकडे पाहिलंच नाही. ती भावाकडेच बघत होती. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं,

"परभाकर, असा एकटाच किती खेपा गेला रे तू?"