गाडीनं धरलेला फोन

आमच्याकडं नवी गाडी आली तेव्हा शोरूममधल्या माणसानं ह्यांचा फोन तिला असा सहज जोडून दाखवला, की जसं काही बटण शर्टाला लावावं. समोरच्या पडद्यावर ह्यांचं नाव उमटलं, ह्यांच्या आवडीची गझल गाडीभर घुमली आणि ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू गझल स्वतःच लिहिली होती.

घरी आल्यावर मात्र गाडी ह्यांना ओळखेना.

फोन गाडीला शोधायचा, गाडी फोनला शोधायची, दोघं बराच वेळ गोल गोल फिरायची आणि शेवटी पडद्यावर यायचं, ‘जोडता आले नाही’. वायर लावून बघितली, तर फोन चार्ज व्हायचा, गाणं काही लागायचं नाही. गाडीवाल्यांना फोन केला, ते म्हणाले, फोन अपडेट करा. फोनच्या दुकानात गेले, ते म्हणाले, साहेब, फोन एकदम ओके आहे, गाडी अपडेट करा. हे जिल्हा परिषदेतून नुकतेच निवृत्त झालेले. टेबलाटेबलावर फिरवणं म्हणजे काय असतं, ते त्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं पहिल्यांदाच कळत होतं.

मग ह्यांनी हट्टच धरला. नांदेडच्या आमच्या कॉलनीत रोज संध्याकाळी हे गेटबाहेर उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसायचे. काचा वर, मान खाली. शेजारी एक आपा राहतात. त्यांच्या घरच्यांचं पिढ्यान्‌पिढ्या शिवणकामाचं दुकान. आठवडाभर त्यांनी हे बघितलं आणि एक दिवस वाटीभर शीरखुर्मा घेऊन माझ्याकडं आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “भाभी, सब खैरियत ना? साब रोज गाडी में बैठे रहते. मियाँबीवी में होता रहता. बुला लो अंदर.”

मी त्यांना खरं कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. जाताना माझ्या पाठीवरून हात मात्र फिरवून गेल्या.

शोरूमनंतर गाडीला पहिला फोन जोडला तो माझ्या सासूबाईंनी. त्या रेणापूरकडच्या. सगळा जन्म शेतीत गेला, आता आमच्याकडं असतात. नातवानं आपला जुना स्मार्टफोन त्यांना दिलेला. त्या दिवशी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. त्या मागं बसल्या होत्या, हे पुढं पडद्याशी झटत होते. तेवढ्यात सासूबाईंच्या फोनवर काहीतरी विचारणारी चौकट आली. फोननं काही विचारलं की ‘हाव’ म्हणायचं, हा त्यांचा साधा नियम. त्यांनी बोट दाबलं. गाडीनं टुणकन आवाज केला आणि पडद्यावर आलं, ‘फोन जोडला आहे’.

ह्यांचा चेहरा उजळला. “जमलं!” म्हणून त्यांनी गझल लावायला बोट पुढं केलं. नेमका तेवढ्यात कॉल आला, बोट त्याच्यावर पडलं आणि गाडीच्या चारी कोपऱ्यांतून सासूबाईंच्या नायगावच्या बहिणीचा आवाज दणाणला, “अगं ए, सोयाबीनवर अळी पडली ना! काय फवारू सांग!”

तेव्हापासून गाडी सासूबाईंची झाली. त्या आत बसल्या की तिला दुसऱ्या कुणाचा फोन दिसायचाच नाही. ह्यांनी एकदा त्यांचा फोन गाडीतून काढून टाकायचा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, “काढ की. गाडीनं तरी म्हातारीला पहिलं वळखलं व्हतं.” विषय संपला.

लातूरला माझ्या नणंदेच्या मुलीला मुलगा झाला आणि आम्ही बारशाला निघालो. बाळंतिणीसाठी मी डिंकाचे लाडू केले होते. मोठा डबा माझ्या मांडीवर होता. हे चालवत होते, मी शेजारी, सासूबाई मागं. अहमदपूर मागं टाकलं आणि गाडीत रिंग वाजली. नणंदेचा फोन. ह्यांनी स्टिअरिंगवरचं बटण दाबून घेतला. आपण गाडीभर बोलतोय, हे तिला कुठून कळणार?

“आई, निघालात का? बरं, एक सांगते, दादाला सांगू नको. वहिनींनी लाडू केले असतील ना, ते लेकीला खायला लावू नको. मागच्या खेपेचे मी बत्त्यानं फोडायला गेले, खरंच सांगते! आणि फुटेनात! शेवटी जावयानं एक लाडू दाराला अडसर म्हणून लावला. अजून हाय तिथं.”

सासूबाईंनी मागं घाईघाईनं हातातला फोन बंद करायला बोटं चालवली. बोटं कुठंतरी भलतीकडं पडली. ह्यांनी पडद्यावर आवाज कमी करायला हात घातला, आणि आवाज वाढला. “लेकीचे दात अजून शाबूत हायेत, आई!” हे वाक्य तर बहुतेक शेजारून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानंही ऐकलं. तो आमच्याकडं बघून हसला.

शेवटी सासूबाई ओरडल्या, “अगं गप! समदी गाडी ऐकून राहिली! वहिनी बसलीय पुढं, मांडीवर डबा घेऊन!”

मग एकदम मऊ, बारशाला शोभेल असा आवाज आला, “वहिनी, कशा आहात?”

“बरी आहे,” मी म्हणाले. “येतोय तासाभरात.”

फोन ठेवला गेला. मला राग आला होता का? आला होता. पण दाराला लावलेला लाडू डोळ्यांसमोरून हलेना आणि रागाच्या मध्येच हसू यायला लागलं. हे रस्त्यावर इतक्या एकाग्रतेनं बघत होते, की परीक्षा द्यायला बसल्यासारखे वाटत होते. मला संशय आला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“लाडू कडक होतात ते.”

“मी चहात बुडवून खातो,” ते हळूच म्हणाले. “बुडवून ठेवले की होतात नरम.”

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस हिवाळाभर सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत का जातो, ते मला चाकूरच्या अलीकडं कळलं.

लातूरला पोचलो. नणंद दारात उभी होती, नजर माझ्या पायांकडं. पाणी दिलं, चहा दिला. मी डबा उघडून समोर ठेवला. तिनं स्वतःहून एक लाडू उचलला आणि सगळ्यांच्या देखत चावला. कट्ट असा आवाज आला. तोंड बंद ठेवूनच ती म्हणाली, “मऊ झालेत यंदा.”

“खोटं बोलून राहिली,” सासूबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीतून बाळंतीण आधी खुदकन हसली, मग कुणालाच आवरेना. नणंदेच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं किती हसण्याचं, किती दाताचं, कोण जाणे.

हसू ओसरल्यावर मी म्हणाले, “ताई, आता सांगाच. चुकतंय कुठं?”

“वहिनी, तुम्ही गुळाचा पाक करता ना? पाक करायचाच न्हाई. तुपात गूळ नुसता विरघळला, की लगेच खाली उतरवायचा. उकळला की दगड होतो.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही एवढ्या शिकलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. तुम्हाला गूळ उकळू नका असं कसं सांगायचं?” आणि पुढं म्हणाली, “तुम्ही मला ताई म्हणता, अहोजाहो करता. तुमच्याशी भांडायचं कसं, तेच कळत नव्हतं मला.”

मी पदर खोचला आणि डबा उचलून स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघींनी खाली बसून लाडू फोडायला घेतले. ती बत्ता घालायची, मी उडालेले तुकडे पकडायची. एक तुकडा गॅसच्या मागं गेला, तो नंतरही सापडला नाही. चुरा झाल्यावर तिनं तूप तापवलं, माझ्या हातावर गरम चुरा दिला आणि म्हणाली, “आता वळा, भाजतंय म्हणून सोडू नका.” दुसऱ्या दिवशी बाळाचं नाव ठेवलं तेव्हा तेच लाडू वाटले.

आता नणंद मलाच फोन करते. आधी ‘कशा आहात’ असायचं, आता सुरुवातच तक्रारीनं होते. मागच्या आठवड्यात म्हणाली, तुमच्या हॉलचे पडदे व्हिडिओ कॉलवर बघितले, दवाखान्यासारखे दिसतात. मी म्हणाले, तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीत मीठ नसतंच. बराच वेळ भांडलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी तिला ‘तुझ्या’ म्हणाले होते.