बांगडी भरणारा हात

स्क्रीनवरचे सगळे ठिपके लाल. एकही हिरवा व्हायचं नाव घेईना. मी टोपी काढली, रशिदाचाचींच्या केसांत बोट फिरवलं आणि कारण हाताला लागलं. खोबरेल तेल, तेही चांगलं चापूनचोपून लावलेलं.

"चाची, तेल लावून आलात?"

"मग काय झिपऱ्या सोडून यावं व्हय? डाक्टरकडं जायचं म्हंजी मानसानं नीट जावं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच सांगायला विसरलो होतो. आमच्या टोपीत धातूच्या छोट्या चकत्या असतात, त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. मेंदूत सतत अगदी बारीक वीज खेळत असते, ती या चकत्या कवटीवरून टिपतात. चकती नीट टेकली की तिचा ठिपका हिरवा होतो, मध्ये तेल आलं की सगळं मुसळ केरात. मग समोरच्या टपरीवरून शाम्पूची पुडी आणली आणि चाचींच्या सुनेनं, शबानानं, आमच्या चकचकीत लॅबच्या बेसिनमध्ये सासूचं डोकं धुतलं. शेजारच्या लॅबमधली मंडळी काचेतून बघत होती.

मी जगताप. सगळी नोकरी हॉस्पिटलात ईईजी टेक्निशियन म्हणून केली. ईसीजी हृदयाचा, ईईजी मेंदूचा, एवढं कळलं तरी पुरे. रिटायर होऊन सांगवीला घरी आलो आणि बसून बसून कंटाळलो. तेवढ्यात बारामतीत लाइफ सायन्सेसचं इनोव्हेशन हब सुरू झालं. हब म्हणजे नव्या कंपन्यांची रोपवाटिका. एका छताखाली कोणी दुधातली भेसळ शोधतंय, कोणी उसाच्या रोगावर काम करतंय. तिथं एका कोपऱ्यात एक टेबल आणि एक कपाट एवढ्यावर आमच्या डॉक्टर केतकी मॅडमची न्यूरोटेक कंपनी चालू होती. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात, आणि ओरडायची वेळ आली की दोघंही एकमेकांवर ओरडतो.

आमचं यंत्र अर्धांगवायूच्या पेशंटसाठी आहे. हात निवांत असतो तेव्हा मेंदूचा हात हलवणारा भाग एका संथ लयीत गुणगुणत असतो. पारावर गप्पा मारत बसलेली माणसं असावीत तसा. हात हलवायचं मनात आलं की ती माणसं उठून कामाला लागतात आणि पारावरचा आवाज बंद पडतो. हात प्रत्यक्ष हलला नाही तरी हे घडतं, नुसतं मनात यावं लागतं. आवाज बंद पडला की आमचा कॉम्प्युटर ओळखतो आणि पेशंटच्या हातातला ग्लोव्ह, म्हणजे छोट्या मोटरवर चालणारा हातमोजा, त्याची बोटं मिटवतो. मनात आलं आणि हात मिटला, असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू तुटलेला रस्ता नव्यानं बांधायला लागतो. निदान तशी आशा असते, आणि ती खरी ठरते का हे तपासायला आमचा स्टडी चालू होता.

चाचींचा उजवा हात झटक्यात गेला होता. बोलणं शाबूत, चालणं काठीनं, पण हात उशीवर ठेवला तर उशीवरच. आणि त्या लासुर्ण्याच्या मण्यार, बांगड्या भरणाऱ्या. गावातल्या नवऱ्यामुलींचा हिरवा चुडा वर्षानुवर्षं त्यांनीच भरलेला. आता शेजारच्या पल्लवीचं लग्न ठरलं होतं. "जन्मली तवा हिच्या मनगटात पयली बांगडी मी घातली," त्या मला म्हणाल्या होत्या. "चुडाबी माझ्याच हातनं भरू द्या, भाऊ. एक तरी."

तेल धुतल्यावर ठिपके हिरवे झाले, पण पुढं काहीच नाही. स्क्रीनवर लाल चेंडूचं चित्र यायचं आणि खाली लिहिलेलं, 'चेंडू घट्ट धरा.' चाची चेंडूकडं मन लावून बघायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, आणि त्यांच्या मेंदूतला पार आपला गप्पा मारत बसलेला. दुसऱ्या सेशनलाही तेच.

"काका, तिसरंही कोरं गेलं तर त्यांना स्टडीतून काढावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे. सिग्नलच नसेल तर ग्लोव्ह कशावर चालवणार?"

"त्यांना सांगणार कोण?"

त्यावर मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

तिसऱ्या सेशनला चाची आल्याच नाहीत. शबानाचा फोन आला. आज पल्लवीचा चुडा आहे आणि अम्मी घर सोडायला तयार नाहीत. मग आम्हीच टोपी, लॅपटॉप आणि ग्लोव्ह गाडीत घालून लासुर्ण्याला गेलो. "पंखा, गर्दी, गोंगाट. डेटा काय येणार, कपाळ," मॅडम वाटभर म्हणत होत्या. मनातून मलाही तेच वाटत होतं.

एरवी मण्यार नवरीच्या घरी जातो. चाचींना चालायचा त्रास, म्हणून नवरीच मानानं त्यांच्या घरी आली होती. पल्लवी, तिची आई, चार बायका, हळदीकुंकवाचं ताट. चाचींचे केस मात्र कोरडे होते. मी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, टोपी चढवली, ग्लोव्ह घातला आणि बेसलाइन घ्यायला लागलो. बेसलाइन म्हणजे पेशंट काही करत नसतानाची नोंद. पेशंटनं गप्प बसायचं एवढंच.

समोर शबाना बांगड्या भरत होती. पल्लवीचा पंजा रुंद. एक बांगडी बोटांच्या सांध्यावर अडकली आणि कडकन वाढली. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पल्लवीच्या आईचा चेहरा उतरला. चुड्यातली बांगडी वाढणं कुणालाच बरं वाटत नाही.

शबानानं दुसरी घेतली. चाचींना राहवेना. "आगं, आंगठा आत घाल तिचा! सांधं दाब आधी, मग सरकव!"

"चाची, बोलू नका हो," मी वैतागलो. बेसलाइन बिघडली होती. स्क्रीनवरची पट्टी धाडकन खाली आली होती.

ते बघून मी जागच्या जागी थांबलो. पट्टी खाली येणं म्हणजे पारावरचा आवाज बंद. पण इतकी वर्षं हे काम केल्यामुळं मी लगेच हुरळत नाही. माणूस ओरडला की जबडा हलतो, मान हलते, त्याचाही गोंधळ त्यात येतो.

"चाची, आता तोंड मिटून नुसतं बघा. मनातल्या मनात सांगा शबानाला."

त्या बघत राहिल्या. पल्लवीचा हात बांगडीत शिरायला लागला, पट्टी खाली. बांगडी मनगटावर गेली, पट्टी वर. पुढची बांगडी, पुन्हा खाली. तीही मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथून उजवा हात चालतो नेमकं तिथं. चाची दगडासारख्या स्तब्ध होत्या, उजवा हात उशीवर पडलेला, आणि त्याच हातानं त्या मनात समोरच्या पोरीचा चुडा भरत होत्या. मी हजारो मेंदू कागदावर पाहिलेत. फिट आलेले, झोपलेले, विझत चाललेले. असं कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "जरा इकडं या."

मॅडमनी पाहिलं. हळूच म्हणाल्या, "काका, ग्लोव्ह चालू करा. एकदम हलका ठेवा." आणि पल्लवीला म्हणाल्या, "ताई, तुम्ही चाचींच्या समोर बसाल का?"

पल्लवी उठून समोर बसली आणि तिनं आपला हात चाचींच्या ग्लोव्ह घातलेल्या हातात ठेवला. चाचींनी डाव्या हातात बांगडी घेतली. "बिस्मिल्ला," त्या पुटपुटल्या.

पट्टी खाली आली. मोटरचा बारीक आवाज झाला आणि त्या मेलेल्या बोटांनी पल्लवीचे सांधे दाबून धरले. "या अल्ला... ह्यो मी धरला?"

"तुम्हीच धरला," मी म्हणालो.

बांगडी सांध्यावरून सरकली, किंचित अडली आणि अलगद मनगटावर गेली. अखंड. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पल्लवीची आई पदरानं डोळे पुसत होती. मॅडम लॅपटॉपच्या मागं तोंड लपवून बसल्या होत्या. पल्लवीनं रिवाजाप्रमाणं चाचींच्या पाया पडून नमस्कार केला. चाचींनी आशीर्वाद द्यायला उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही, मग त्यांनी डावा तिच्या डोक्यावर ठेवला.

"मग त्या चेंडूला काय झालं होतं, चाची?" मॅडमनी निघताना विचारलं.

"त्याला काय व्हायचंय? म्या जन्मात कधी चेंडू धरला न्हाय, बाई. तुमी म्हनलात बघा, म्हनून बघत हुते."

परत येताना गाडीत आमच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्र बनवताना आम्ही ते आमच्याच डोक्यांवर तपासलं होतं. मॅडम कॉलेजच्या टीमकडून क्रिकेट खेळलेल्या, मी सांगवीच्या मैदानावर. आमचे मेंदू चेंडू दिसला की उठून पळायचे. आम्हाला वाटलं, सगळ्यांचेच पळत असतील.

चाची स्टडीत राहिल्या. हात पूर्ण आला, असं मी सांगणार नाही. बोटं आता ग्लोव्हशिवाय मिटतात, उघडायला डाव्या हाताची मदत लागते. हबनं आम्हाला टेबलावरून उठवून स्वतंत्र खोली दिली. स्क्रीनवरचा चेंडू काढून टाकला. पेशंट आला की मी आधी विचारतो, डोक्याला तेल लावलंय का, आणि मग विचारतो, तुमचा हात काय करायचा?

परवा इंदापूरकडचे एक आबा आले होते. पूर्वी मेंढरं पाळायचे, आता शेती. टोपी चढवून मी विचारलं. आबांनी आपल्या हाताकडं बघितलं. "लोकर कातरायचा," ते म्हणाले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच पट्टी खाली आली होती.