टायपिंगच्या बाई आणि किल्ल्यातली बहीण

आमच्या टायपिंगच्या बाई कॉम्प्युटरच्या माउसवर स्टीलची वाटी पालथी घालून ठेवत. आमटीची साधी वाटी. सुरुवातीला आमच्या खर्डा गावची धूळ बसू नये म्हणून घातली असेल, पण पुढे ती वाटी म्हणजे कायदाच झाला. काय करणार आहेस आणि का करणार आहेस, हे तोंडानं, पूर्ण वाक्यात सांगितल्याशिवाय बाई ती वाटी उचलायच्या नाहीत. "आधी बोल, मग क्लिक," म्हणायच्या. "देवानं डोकं दिलंय ते बटणाच्या आधी वापरायला." आमची बोटं शिवशिवत असायची आणि बाई हाताची घडी घालून निवांत आमच्या तोंडाकडं बघत बसायच्या.

किल्ल्याच्या वाटेवर दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत टाइपरायटरची रांग, मागच्या खोलीत बाई आणि त्यांची लेक. यजमान शिक्षक होते, ते लवकर गेले. मग बाईंनी क्लास काढला आणि लेकीला त्यावरच वाढवलं. रविवारी सकाळी त्या उपासनेला जामखेडला जायच्या, म्हणून क्लास बंद. नाताळला सगळ्या पोरांना करंज्या मिळायच्या, पण तिथंही सुटका नव्हती. एक घेणार की दोन, आणि दोन का, हे सांगावं लागायचं. आमच्यातला अन्वर, शिंप्याचा मुलगा, दरवर्षी म्हणायचा, "एक माझी आन् एक आईची." आईची करंजी तो दाराबाहेर पडायच्या आत संपवायचा. बाईंना ते माहीत होतं. त्या गुपचूप तिसरी कागदात बांधून द्यायच्या.

टाइपरायटरचे दिवस भरले हे ओळखून बाईंनी नगरहून एक जुना कॉम्प्युटर आणला. विकणाऱ्यानं बरोबर एक सीडी दिली होती. त्या सीडीत तो खेळ होता. खेळाचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला 'किल्ला' म्हणायचो. मग गावाला दोन किल्ले झाले, एक वेशीजवळचा आणि एक बाईंच्या टेबलावरचा. पहिल्यात बकऱ्या चरायच्या, त्यामुळे आमचा ओढा दुसऱ्याकडं.

खेळात मारामारी नव्हती, पळापळ नव्हती. एका ओसाड किल्ल्यात एक प्रवासी येतो. त्याची धाकटी बहीण तिथं कुठंतरी अडकलेली असते, तिला शोधून बाहेर काढायचं, एवढीच गोष्ट. किल्ल्यात फिरायचं, वस्तू गोळा करायच्या, कुठली वस्तू कुठं लावायची हे ओळखायचं. इंग्रजी वाक्य आलं की बाई शब्दकोश उघडायच्या, मी वाचायची, माउस अन्वरच्या हातात आणि बाकीची पोरं मागं उभी राहून सल्ले द्यायची. टायपिंगची परीक्षा पास होणारी पोरं कमी झाली, पण क्लासला दांडी मारणारं कुणी राहिलं नाही.

दोन महिन्यांची उन्हाळी सुट्टी खर्ची घालून आम्ही शेवटच्या खोलीत पोहोचलो. चार कोऱ्या दगडी भिंती, खाली फरशी आणि भिंतीपलीकडून आवाज. टक टक. टक टक. बहीण आतून दगड वाजवत होती. पण आवाज चारी बाजूंनी यायचा. आमच्याकडं एक लोखंडी पहार होती, पण पहार घालायला फट लागते आणि फट कुठंच दिसेना. भिंत नुसती ढकलली की तो प्रवासी मान हलवून गप्प उभा राहायचा. बाईंना ती टकटक सहन व्हायची नाही. "पोरगी आत बसलीय रे," म्हणायच्या, "आणि आपण इथं शेंगदाणे खातोय." मग शेंगदाण्याचं ताट बाजूला सरकायचं.

आमच्याकडं आणखी एक वस्तू होती. पाण्यानं भरलेली बादली. किल्ल्यातल्या विहिरीतून ती अगदी सुरुवातीला शेंदली होती. विहिरीचा तळ दिसत होता, म्हणून बाईंनी दुसऱ्यांदा बादली सोडूच दिली नाही. "एक बास. मागून येणाऱ्याला नको का?" खेळात मागून कोण येणार होतं देव जाणे. पण आम्हाला ते बरोबरच वाटलं. त्या वर्षी गावात टँकर यायचा. क्लासच्या दारात रांजण होता आणि त्यातलं पाणी पिऊन पेल्यात घोटभर उरलं तर ते दारातल्या कडुलिंबाला घालायचं, फेकायचं नाही, असा बाईंचा शिरस्ता. खेळातली ती बादली आम्ही अख्खा किल्लाभर जिवापाड जपत नेली. एखाद्या नव्या पोरानं "बादलीचं काय करायचं?" विचारलं की आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "राहू दे, पुढं लागेल."

शेवटच्या खोलीत आम्ही सगळं करून बघितलं. दिवा भिंतीवर धरला, दोर टाकला, पहार आपटली. बादलीला मात्र कुणी हात लावला नाही. मग वळवाचा पाऊस आला, लाईट दोनदा गेली, तिसऱ्यांदा आली ती व्होल्टेज घेऊनच आली आणि कॉम्प्युटरमधून धूर निघाला. आत अडकलेली सीडी तुकडे होऊनच बाहेर आली. बाई त्या तुकड्यांकडं बघत म्हणाल्या, "म्हणजे ती पोरगी आतच राहिली."

आम्ही मोठे झालो, पांगलो. अन्वरनं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान टाकलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. माझ्या हाताखालच्या पोरांना मीही आधी बोलायला लावते. ती वैतागतात, मी वैतागू देते. वर्षातून एकदा-दोनदा बाईंना भेटायची. तब्येत, लग्न, नोकरी विचारून झालं की बाई हळूच म्हणायच्या, "त्या पोरीचं काही कळलं का गं?" मी म्हणायची, "बाई, खेळ होता तो." "माहितीये मला खेळ होता. मी काही खुळी नाही. कळलं का तेवढं सांग." एकदा मी म्हटलं, आता इंटरनेटवर सगळी उत्तरं मिळतात, शोधू का? बाईंनी अशी नजर टाकली की मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. "विचारूनच सोडवायचं तर खेळायचं कशाला? सरळ जेवून झोपावं माणसानं."

पुढं शुगरनं बाईंच्या डोळ्यांचा पडदा धरला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. उजेड कळायचा, सावली हललेली कळायची, बस. तरी बाई स्वतः चहा करायच्या. लेक नाशिकला होती. ती "चल माझ्याकडं" म्हणून मागं लागलेली आणि बाई टाळत होत्या. शेवटी एक दिवस त्याच मला फोनवर म्हणाल्या, "जाते मी या रविवारी. पोरगी किती दिवस हेलपाटे घालणार?"

त्याच आठवड्यात अन्वरचा फोन आला. "वैशे, किल्ला परत आलाय. आपला किल्ला. रीमास्टर म्हनत्यात त्याला. चित्रं नवी, आवाज नवा, खेळ तोच हाय. लई भारी केलाय."

"तू खेळलास?"

"न्हाई. दुकानात उघडून फक्त दारापर्यंत गेल्तो. पुढं न्हाई गेलो. बाईंशिवाय कसं जायचं?"

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन खर्ड्याला गेले. अन्वरनं दुकानातून तारेचा माउस मुद्दाम आणला. का, ते मला विचारावं लागलं नाही. बाईंचं सामान बांधून झालं होतं, टाइपरायटर कधीच भंगारात गेले होते. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर बाई उठल्या, चाचपडत मागच्या खोलीत गेल्या, बांधलेल्या खोक्याची सुतळी सोडली आणि वाटी घेऊन आल्या.

मला वाटलं होतं, बाईंना दिसत नाही, तर आता कसं व्हायचं? काहीच अडलं नाही. आमची सवयच बोलून खेळायची. मी पडद्यावरचं सांगायची, बाई विचार करायच्या, काय करायचं आणि का ते सांगायच्या आणि मग वाटी उचलायच्या. त्यांना अख्खा किल्ला पाठ होता. "डावीकडं घोड्यांची पागा असेल. तिथं दोर आहे." असायचाच. विहिरीपाशी त्यांनी पुन्हा एकच बादली शेंदायला लावली आणि मी मुकाट्यानं शेंदली. उन्हाळाभर जे पुरलं होतं, ते आम्ही दिवेलागणीच्या आत पार केलं आणि त्याच चार भिंतींपाशी येऊन थांबलो. टक टक. नव्या खेळात तो आवाज इतका स्वच्छ होता की अन्वरनं दाराकडं बघितलं.

"आहे अजून," बाई म्हणाल्या.

भिंती झाल्या, दिवा झाला, पहार झाली. पुन्हा तेच. नगरला मुक्कामी थांबलेली लेक फोनवर विचारत होती, सकाळी लवकर निघायचंय, झोपलीस का? अन्वर माझ्या कानाशी लागला, "बघू का मोबाईलवर? त्यांना कळनार न्हाई." मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. पण खरं सांगते, माझाही धीर सुटत चालला होता. बाई उद्या इथून जाणार, पुन्हा अशा बसणार नाहीत, आणि ती बहीण आतच राहणार.

बाई पाणी प्यायला उठल्या. मी देते म्हटलं तर नको म्हणाल्या. मागच्या खोलीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. मी धावले. तांब्या आडवा, फरशीवर पाणी आणि बाई मध्ये उभ्या, अनवाणी, अगदी स्तब्ध. मला वाटलं पाय मुरगळला.

"पाणी कुठं गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या, पुसते मी."

"पुसायचं नंतर. गेलं कुठं ते सांग. पायाला वाहताना लागतंय."

मी बघितलं. पाण्याची धार फरशीवरून तिरकी जाऊन मोरीच्या उंबऱ्याखाली गडप होत होती. तिथं बारीक फट होती, मी इतकी वर्षं त्या घरात येतेय, कधी दिसली नव्हती. मी तसं सांगितलं.

बाईंनी पाऊल धारेवरून मोरीकडं सरकवलं. मग म्हणाल्या, "बादली अजून भरलेली आहे ना आपली?"

आम्ही परत टेबलापाशी बसलो. बाईंनी वाटीवर हात ठेवला आणि आयुष्यभर आम्हाला बोलायला लावणाऱ्या बाई स्वतः बोलल्या, हळू, शब्द जड झाल्यासारख्या. "मी बादलीतलं पाणी जमिनीवर ओतते. कारण पाण्याला फट सापडते." एवढं बोलूनही वाटी उचलेना. "सगळं ओतायचं का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बहुतेक सगळंच, बाई." मग त्यांनी वाटी उचलली.

पाणी फरशीवर पसरलं, रेंगाळलं, आणि उजवीकडच्या भिंतीखाली शिरलं. दगडाच्या बुडाशी काळी रेघ उमटली. अन्वरनं पहार लावली. दगड सरकला आणि पडदा उजेडानं भरून गेला.

"उजेड पडला ना?" बाई म्हणाल्या. "मला दिसला."

आत बहीण बसली होती. तिनं वर बघितलं. तिचे ओठ हलले आणि खाली वाक्य आलं. मी ते वाचलं आणि मला बोलता येईना.

"आता का दातखीळ बसली? काय म्हणतेय ती?"

"बाई, ती पाणी मागतेय."

मग बाईंनी मांडीवर थाप मारली. "मी काय सांगत होते? वीस वर्षं काय सांगत होते? पुढं लागेल म्हणून सांगत होते की नाही?" आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. अन्वरही हसला, मीही हसले, आणि रिकामी बादली घेऊन तो प्रवासी तसाच उभा राहिला.

"विहिरीवर जा," बाई म्हणाल्या.

"बाई, तिचा तळ दिसतो."

"जा तर खरं. आणि आधी बोल."

मी म्हटलं, "मी विहिरीवर जाते आणि बादली सोडते, कारण तिला तहान लागलीय." वाटी उचलली गेली. बादली खाली गेली आणि काठोकाठ भरून वर आली. पुन्हा सोडली असती तर पुन्हा आली असती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. बहीण पाणी प्यायली, उठली, भावाचा हात धरून किल्ल्याच्या दारातून बाहेर पडली. मी एकेक पाऊल सांगत गेले आणि सांगता सांगता रडत होते, ते बाईंना आवाजावरून कळलं असणार.

"बाहेर आली ना?" त्यांनी विचारलं.

"आली."

"झालं तर मग. अन्वर, घरी जा, बायको जेवायची थांबली असेल."

सकाळी नाशिकची गाडी दारात लागली. लेक म्हणाली, रांजण उलटा करून जाऊ, डास होतात. बाई म्हणाल्या, "झाकण घट्ट आहे. घरमालकाची माणसं दुपारी साफसफाईला यायचीत, उन्हाची." मी चिडवलं, "काल तर अख्खी बादली ओतलीत, बाई."

"तिथली विहीर परत भरते गं," बाई म्हणाल्या. "इथं टँकरची वाट बघावी लागते." त्यांनी रांजणाचं झाकण चाचपून नीट बसवलं आणि त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली. मला वाटलं, विसरल्या. मी ती द्यायला पुढं केली तर म्हणाल्या, "राहू दे. पाणी प्यायला काहीतरी नको का?" मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि अन्वरच्या डोक्यावर टपली मारून गाडीत बसल्या.

गाडी वळणाआड गेली. आम्ही दोघं बराच वेळ कडुलिंबाखाली उभे होतो. नंतर अन्वर रांजणापाशी गेला, वाटीवर हात ठेवला आणि थांबला.

"मी पानी पितो," तो त्या बंद दाराकडं बघून म्हणाला, "कारन मला तहान लागलीय."

मग त्यानं वाटी उचलली.