मागच्या दाराची घंटी

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी तारघरातले एक बाबू राहायचे. सुट्टीच्या दिवशी ते घरभर विजेच्या तारा ओढत. टाकी भरली की घंटी वाजे, गजर झाला की दिवा आपोआप लागे. गल्ली पाहायला जमली की ते मान न वळवता म्हणत, “मशीन खोटं बोलत नाही, भाऊ.”

एका दुपारी त्यांची बायको आमच्याकडे विरजण मागायला आली. पाठोपाठ बाबू बनियनवरच धावत आले. “कोनाले इचारून निघाली?” ती रिकामी वाटी घेऊन परतली. बाबू मला म्हणाले, “घराचं पुढचं दार उघडलं का माह्या पलंगाखाली घंटी वाजते.”

“घंटी ढोराच्या गळ्यात बांधतेत, बाबू,” मी चिडून म्हणालो. ते नुसते हसले.

पुढच्या रविवारी ते मागच्या दारालाही तार जोडत होते. “जरा टोक धरा, भाऊ.” त्यांची बायको चुलीपाशी बसून माझ्याकडे पाहत होती. माझं डोकं तापलं होतं, तरी घंटी वाजेपर्यंत मी ते टोक धरून उभा राहिलो. बाबूंपेक्षा मला आजही माझाच राग जास्त येतो.