जावयाने आणलेली साल

छबूबाईला झाडाची साल ओळखता येते, हे अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या त्या वाडीत कुणीच नाकारणार नाही. वखारीत लाकूड सोलून उरलेली साल लोक टाकून देतात. छबूबाई तिचा भारा डोक्यावरून आणते आणि वर्षभर चूल पेटवते. ऐनाची साल सावकाश जळते, भाकरीला तीच हवी. रुपालीने, तिच्या लेकीने, गॅस घेऊन दिला, तर बाईने त्यावर फडकं टाकून डबे मांडले. हट्टी म्हणजे किती हट्टी!

रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. दिवस थंडीचे, म्हणून छबूबाईने ओल्या बाळंतिणीची बाज चुलीशेजारीच टाकली. लेकीला बघायला जावई, ओंकार, कोपरगावहून आला. माणूस भला, पण उसाच्या मुलखातला. डोंगरातलं एक झाड ओळखेल तर शपथ. सासूचं सालीचं वेड त्याला ठाऊक होतं. फाट्यावर जीपमधून उतरला, तर रस्ता रुंद करायला तोडलेल्या झाडांची साल पडलेली. पठ्ठ्याने तिचाच भारा खांद्यावर घेतला आणि वाडी गाठली.

"मामी, तुमच्यासाठी आनली."

छबूबाईने भारा सोडला. एका तुकड्यावर डांबरासारखा काळा डाग वाळला होता. तिचा हात थबकला. बिबा तर नसेल? बिब्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात चालते, पण त्याचा चीक लागला की अंगावर फोड उठतात, आणि धूर त्याहून वाईट. पण जावयाने हौसेने आणलेलं सरपण त्याच्या तोंडावर चिवडत बसायचं? जावयाचा मान कुठे गेला मग? तिने तो तुकडा गुपचूप परसात टाकला.

"लई चांगली हाय, जावईबापू," ती म्हणाली. बाकीची साल ठीक असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

सकाळी तीच साल चुलीत घालून तिने आंघोळीचं पाणी ठेवलं. ओंकार मान खाजवत आत आला.

"मामी, रातीपास्नं लई आग हुतीय. काय चावलं का बघा बरं."

भारा टेकला होता नेमकी तिथेच मान सुजून लाल झाली होती, वर फोड. छबूबाईने मानेकडे पाहिलं, मग चुलीकडे. साल चरचरत होती, आतून काळा चीक उकळून बाहेर येत होता. तिच्या डोळ्यांची आग व्हायला लागली. बाजेवर पोरगी शिंकली, खोकली आणि एकदम गप्प झाली.

"ओंकार, पोरगी उचल! भाईर पळ!"

अहोजाहो कुठच्या कुठे गेलं. ओंकारने लेकीला अजून हातात घेतलं नव्हतं. एवढीशी मान, मोडली तर?

"मामी, मला न्हाई..."

"उचल म्हनते ना!"

त्याने दुपट्यासकट पोरगी उचलली आणि धावला. मागून भिंत धरत रुपाली. पाणी ओतलं तर धूर दुप्पट होईल, म्हणून छबूबाईने जळते तुकडे हातानेच ओढले, परसात फेकले, वर माती लोटली.

अंगणात पोरीचं तोंड काळंनिळं पडलेलं. ओठ उघडे, आवाज नाही. रुपाली तिची पाठ चोळत होती. "रड गं माझे बाई, रड." मग पोरीने असा टाहो फोडला की शेजारीपाजारी धावून आले.

पोरीला दवाखान्यात नेलं, तिची छाती साफ निघाली. संध्याकाळपर्यंत छबूबाईचे डोळे सुजून मिटले, हात टम्म फुगले. ओंकार तिला खोबरेल लावत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझी चूक झाली, मामी. मला काय ठावं बिबा कसा असतो." बिचारा अपराधाने अर्धा झाला होता. छबूबाई गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण तिला ते सहन होईना.

"चूक तुमची न्हाई. काळा डाग मला कालच दिसला हुता. जावयाला कसं बोलायचं, म्हनून गप बसले."

रुपालीने मान वर केली. "दिसला हुता? आन तरी ती साल माझ्या लेकराच्या उशाशी जाळलीस?"

"व्हय."

पोरगी रडायला लागली. छबूबाईचे हात सवयीने पुढे झाले. हाताला अजून बिब्याचा चीक असेल, हे आठवून तिनेच ते मागे घेतले. रुपालीने तिच्याकडे पाठ केली आणि पोरगी ओंकारच्या हातात दिली. छबूबाई पदराखाली हात लपवून नातीचं रडणं ऐकत बसली.