दांड्याचं मशीन

कॉफी प्यायची तर दांड्याच्या मशीनचीच, बाकी सगळं गरम पाणी, असं मी तेव्हा कुणालाही तोंडावर सांगायचो. अकरा वर्षं परदेशी प्रवासी बोटीवर बारमध्ये काढलेली. तिथलं मशीन पितळी, जडशीळ. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दाबली जायची, आणि सोडला की तीच स्प्रिंग सावकाश सुटत पाणी कॉफीतून रेटायची. बोट सोडून गावी, तोंडवलीला, कायमचा परत आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो, घरात तेच आणायचं. बायको म्हणाली, "विहिरीक पंप नाय, आणि ह्येंका हॉटेलाचा मशीन होया!" मी हसलो नाही. त्या दिवसांत कुणाचंही बोलणं माझ्या डोक्यात जायचं.

सगळ्यात जास्त बाबांचं. बाबा जन्मभर रापणीवर गेलेले. आमच्याकडे रापणीचं जाळं सगळी वाडी मिळून किनाऱ्यावरून ओढते. दोर धरून मागे मागे जायचं, दोराच्या शेपटाला पोचलं की तो सोडायचा आणि चालत पाण्याशी जाऊन पुन्हा पुढून धरायचा. मधल्या माणसांनी ताण धरलेला असतो, त्यामुळे सोडणाऱ्याला मागे वळून बघावंही लागत नाही. मी बोटीवर असतानाच बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात लोंबता राहिला. तरी ते उजव्या हाताने दोर धरायला जायचे आणि रापणकार त्यांना माशांचा पुरा वाटा द्यायचे. दोराला हात लागला की वाटा, अशी रीत. बाबांना जगण्यात एकच गोष्ट हवी होती, आपण अजून उपयोगाचे आहोत हे कुणीतरी मानावं. रापणकार मानत होते. मी मानत नव्हतो.

म्हापशाला हॉटेलांची जुनी यंत्रं विकणाऱ्या एकाकडे मी तीन मशीनं बघून ठेवली होती. निवड करायला गेलो तेव्हा बाबाही हट्टाने एसटीत चढले. पहिलं घरगुती दांड्याचं, खेळण्याएवढं. तीन कप काढले की तापून कॉफी जाळणारं. दुसरं बटणाचं, विजेच्या पंपावर चालणारं. तिसरं हॉटेलातलं, एका दांड्याचं, खाली गॅसची शेगडी असलेलं. त्याला उचलायलाच तीन माणसं लागत होती. लोडशेडिंगची वर्षं ती, आमच्याकडे दिवसाचे तासन्‌तास लाईट नसायची. त्यात खाऱ्या हवेत बटणं आणि तारा किती टिकणार? गॅसचं तिसरंच खरं, हे मी दुकानात शिरण्याआधीच जाणत होतो.

बाबांनी मात्र दुसऱ्याचं बटण दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झिला, ह्या बटनाचा घे रे. ह्या माका एका हातान करूक जमतला. सकाळी उठान तुमका सगळ्यांका करून देईन."

लाईटचं कारण सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं. मी म्हणालो, "तुमच्यासाठी घेता कोण?"

दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. बाबांनी बटणावरचं बोट काढलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. ते बाहेर असतानाच दुकानदाराने मला दांडा समजावला. कॉफी भरल्याशिवाय तो खाली ओढून सोडायचा नाही. आत कॉफीचा अडसर असला तरच सावकाश वर येतो, नाहीतर थोबाड फोडतो. हे मी बाबांना सांगितलं नाही. ते हात लावणारच नव्हते, मग सांगायचं कशाला?

मशीन घरी लागलं तसा मला चेव आला. रविवारी सकाळी रापणीच्या म्होरक्याला आणि शेजारच्या दोघांना मुद्दाम बोलावलं. थेट मळ्यातून मागवलेली, चिकोरी नसलेली कॉफी दळली. अकरा वर्षांचं ज्ञान पाजळत बसलो. ऐकणारे माना डोलवत होते, पण बघत होते बाबांकडे. म्होरक्या म्हणाला, "काकानू, ह्यो दांडो ओढूक तुमीच होये. परवा काय जोर लावलास दोरार!" सगळे हसले, बाबाही हसले. प्रेमाने हसले. मला ते सोसलं नाही. मशीन माझं आणि कौतुक यांचं!

मी म्हणालो, "कसलो जोर! दया करतत तुमच्यार. वाटो कसलो, भीक ती."

म्होरक्या खाली बघत राहिला. आतून बायको म्हणाली, "शिरा पडो त्या कॉफीर, वडलांक असा बोलतत?" बाबा उठले, मशीनसमोर आले आणि उजव्या हाताने दांडा धरला.

आत कॉफी भरलेली नव्हती. मला ते ठाऊक होतं. पण त्यांच्याने दांडा खाली येणारच नाही अशी माझी खात्री होती, आणि तो येत नाही हे चारचौघांत दिसावं असं मला वाटत होतं. म्हणून मी गप्प राहिलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी टाच रोवली, अंग मागे टाकलं आणि दांडा पार तळापर्यंत ओढला. एका हाताने! शेजारी "वाह!" म्हणाला. बाबांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. आणि मग, दोराच्या शेपटाला पोचल्यावर माणूस सोडतो तसा, त्यांनी दांडा सोडून दिला. पुढचा कुणीतरी ताण धरून आहे अशा भरवशाने.

दांडा उसळून त्यांच्या हनुवटीवर बसला. जबडा मोडला, पुढचे दोन दात जमिनीवर पडले. डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला आणि महिना-दीड महिना बाबा नळीने पेज पीत राहिले. मी शेजारी बसून वाटी धरायचो. माफी मागायला शंभरदा तोंड उघडलं आणि दरवेळी "पेज गरम आसा काय?" एवढंच विचारलं.

तार काढल्यावर आठेक दिवसांनी म्होरक्या सकाळी घरापुढच्या खळ्यात आला. समुद्र शांत होता. "काकानू, रापण लावतंव. येतास मा?"

बाबा खुर्चीवरून अर्धे उठले. मग थांबले आणि माझ्याकडे बघून म्होरक्याला म्हणाले, "झिलाक इचार."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. आपल्या हाताला काय झेपतं ते आपल्याला कळत नाही, हे त्यांना खरंच पटलं होतं, आणि ते मीच पटवलं होतं. "जावा" एवढा एक शब्द बोलायचा होता. पण किनाऱ्यावर सगळी वाडी त्यांचा जबडा बघणार, कसं झालं म्हणून विचारणार, आणि म्होरक्या सांगणार मी काय बोललो होतो ते.

"नाही," मी सरकारी कचेरीत बोलतात तसं शुद्ध मराठीत म्हणालो, "ते आता येणार नाहीत."

बाबा परत खुर्चीत बसले.