हरी डंपरवाला

गाडीखाली शिरण्याआधी माझे बाबा तिथी विचारायचे. हातात पाना, अंगात ग्रीसने काळा पडलेला बनियन आणि शेडच्या दारातून आईला हाक: "आज काय गो?" आई ओट्यापासून न हलता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगायची, "सप्तमी." "मंग उद्या," म्हणून बाबा पाना खाली ठेवायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, हरी डंपरवाला भलताच धार्मिक निघाला. धार्मिक कसले! गणपतीपुढे हात जोडायचे तेसुद्धा आईने डोळे वटारल्यावर.

कारण साधं होतं. आमची शेड गावाच्या खालच्या अंगाला, खाडीलगत. गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून त्यांनी शेडमध्ये माणूसभर खोल खड्डा खणला होता. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण आलं की त्या खड्ड्यात जमिनीतून खारं पाणी झिरपायचं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीला जोर नाही, खड्डा कोरडा. म्हणून गाडीखालची कामं अष्टमीला आणि वरची उधाणाला. असं दोन वर्षं चाललं. आधी मी हसायचे, नंतर मीच कॅलेंडर बघून सांगायला लागले.

गाडी परदेशी बनावटीची. लांबलचक, सहा सिलिंडरची, डॅशबोर्डला खऱ्या लाकडाची पट्टी. एके काळी ती बंगल्याच्या पोर्चमध्येच शोभली असणार. आमच्याकडे टो करून आणली तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि पायाखालचा पत्रा गंजाने इतका खाल्लेला की आत बसून जमीन दिसायची. मी तेव्हा अकरावीत होते. बाबा गाडीभोवती फिरले, गंजावर नख मारून बघितलं आणि म्हणाले, "हिला पन खाडीची हवा बाधली. आपल्यातलीच हाय."

गाडी आली कुठून? बाबा ज्याच्याकडे डंपर चालवत त्या सेठने दिली. सातिवलीकडे गोदामं वाढत होती, गोदामांना जागा हवी होती आणि जागा करायची म्हणजे खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, माती ओतायची. ती माती बाबा ओतायचे. आमच्याच आजोबांनी जिथे भात लावला तिथे. सेठच्या गोदामामागे ही गाडी सडत होती. एके दिवशी सेठ खूश झाला आणि म्हणाला, "हरी, ये गाडी तेरी." कशावर खूश झाला, ते बाबांनी तेव्हा सांगितलं नाही.

मला त्यांनी पहिल्या दिवशी हात लावू दिला नाही. "आदी आयक, मंग हात लाव," हे त्यांचं पालुपद. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ते डोळे मिटायचे. मग मला ऐकायला लावायचे. माझ्या वाट्याला मुख्यतः पॉलिश पेपर घासणं. पुट्टी घासून बोटांची सालं जायची. बाबा येऊन तळवा फिरवायचे.

"हितं लाट हाय."

"कुठेय? सपाट तर आहे."

"तुना वाटतं सपाट. उन्हाला इचार."

गाडी उन्हात ढकलायची. आणि खरंच, दारावर एवढीशी लाट. पुन्हा घास.

त्याच काळात मी गावातल्या पोरांच्या मंडळात जायला लागले. आम्ही भरावाविरुद्ध पत्रकं काढायचो. चिंचोटीच्या डोंगरावरून उतरणारं पाणी आमच्या खाजणातून खाडीला जायचं. त्याची वाट बुजवली तर ते आमच्या घरात येईल, एवढं साधं गणित. बाबा पत्रक उलटसुलट बघायचे आणि हात पुसायचे. "कागद बरा हाय तुमचा. त्याल चांगलं शोषतो."

"बाबा, हात पुसायच्या आधी वाचा तरी."

"मी वतलेली माती मना वाचून दाखवतंस?"

यावर काय बोलणार? मी बोलायचे तरी. आई म्हणायची, एकाच ताटात जेवता आणि निवडणुकीसारखे भांडता.

आमच्या लढ्याचं घोडं एका ठिकाणी अडलं होतं. गावाच्या जुन्या बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार: ओहोटीला ते उघडून गावाचं पाणी खाडीत जातं, भरतीला मिटून खाडीचं पाणी बाहेर ठेवतं. पूर्वी गावातले पुरुष पाळीपाळीने तिची राखण करायचे. भरावात बांध गेला, उघाडीही गेली. आम्ही तहसील कचेरीत साहेबांकडे गेलो की साहेब विचारायचे, "होती कुठे नेमकी? जागा दाखवा, उकरायचा हुकूम देतो." जागा दाखवायची कशी? सगळीकडे एकसारखी लाल माती, वर दगडाचा चुरा. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणायचा इथे, दुसरा म्हणायचा त्या टोकाला. साहेब फाइल मिटायचे.

ती जागा कुणाला माहीत होती ते मला एका अष्टमीला कळलं.

पावसाळा लागलेला होता. आम्ही खड्ड्यात उतरलो तर घोट्याएवढं पाणी. बाबा थबकले. मी म्हटलं, कॅलेंडर चुकलं असेल. ते वाकले, बोटं बुडवली आणि जिभेला लावली. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. पुन्हा चाखलं.

"गोडं हाय."

"म्हणजे?"

"खाडीचं नाय. वरचं हाय. डोंगराचं." मग गाडीच्या पोटाकडे बघत म्हणाले, "त्याला जायाला वाट नाय. मीच बंद केली."

तिथेच, गोड्या पाण्यात उभं राहून त्यांनी सांगितलं. उघाडीवर माती ओतायला बाकीचे ड्रायव्हर तयार नव्हते. सगळे आसपासच्या गावांचेच. सेठने बाबांना बाजूला घेतलं. बाबांनी डंपर मागे लावला आणि उघाडीच्या तोंडावर रिकामा केला. मग दुसरा, मग तिसरा. "तरुणपनी मीच तिची फळी उचलायचो गो. डोळे मिटून जाईन थंय." त्याच संध्याकाळी सेठ खूश झाला होता.

म्हणजे आम्ही जिला घासूनपुसून चमकवत होतो ती बक्षिसाची गाडी.

मी तिथल्या तिथे म्हटलं, उद्या चला साहेबांकडे. जागेवर बोट ठेवा. बाबा म्हणाले, येतो. पण गाडी होऊ दे. एकदा तुला शेजारी बसवून किल्ल्यापर्यंत नेतो. मग सेठच्या दारात गाडी उभी करतो, चावी त्याच्या हातात देतो आणि मग बोट दाखवतो. तिच्यात हात घातलाय तर अर्धवट परत करायची नाही.

"आणि तोवर पाणी आलं तर?"

"उधानाबिगर गाव बुडत नाय. पुनवेला आठ दिस हायत. अजून येल हाय."

इथे माझे बाबा चुकले. खाडीकाठच्या माणसाचीच ही चूक. आमच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाणी खाडीकडून येताना पाहिलं. त्याची वेळ चंद्रावर ठरलेली. धोका म्हणजे उधाण, भांग म्हणजे निर्धास्त. पाणी डोंगराकडून येऊन अडकेल, त्याला तिथीच नसेल, हे त्यांच्या अंगात मुरलेलंच नव्हतं. खड्ड्याने सांगितलं, जिभेने सांगितलं, तरी त्यांनी पौर्णिमाच मोजली. मी रोज मागे लागायचे. मंडळातली पोरं सायलेन्सर शोधायला भंगारबाजारात फिरली, गाडी लवकर व्हावी म्हणून. पौर्णिमा आली, गेली. बाबा म्हणाले, बघ, काही झालं नाही. पण जेवताना दाराबाहेर बघत बसायचे. कुठे बेडकं ओरडली तरी उठून जायचे.

पुढच्या अष्टमीला सायलेन्सर बसवायचा होता. शेवटचं काम. रंग झाला होता, गडद निळा, सीटला नवं कातडं. आदल्या दिवशी इंजिन चालू केलं तेव्हा बाबांनी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला आणि पाणी हललं नाही म्हणून लहान मुलासारखे हसले. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता.

सकाळी खड्ड्यात उतरायचा प्रश्नच आला नाही. तो काठोकाठ भरून फरशीवर वाहत होता. शांत, लाल, जराही आवाज न करता. मी गाडी ढकलायला खांदा लावला. बाबांनी लावला नाही. ते दारात उभे राहून गावाकडे बघत होते. पाणी ओट्यांवर चढत होतं, आई शेजारच्या म्हातारीला माळ्यावर चढवत होती. खाडीकडे बघितलं तर खाडी ओहोटीने रिकामी. मधल्या भरावाच्या अलीकडे आम्ही बुडत होतो, पलीकडे चिखल दिसत होता.

"बाबा, गाडी!"

"ऱ्हाऊ दे तिला."

गावातल्या सुन्याचा जेसीबी होता. त्याला घेऊन बाबा भरावावर गेले, मागे आम्ही. भरावाच्या अलीकडच्या उतरत्या कडेवर तोवर पाणी चढून कमरेला लागत होतं. सुन्या ओरडला, "दादा, खनू कुठं? सगलं सारकंच दिसतंय!" बाबांनी बांबू रोवून बघितला, भुसभुशीत मातीत तो टिकेना. मग ते स्वतः चालत गेले, पायाने चाचपत, आणि एका जागी थांबले.

"मी उभा हाय थंय खन."

"बाजूला व्हा ना, दादा!"

"बाजूला झालो तं तुना जागा कलंल? आन बादली. जवल आली का सरकतो."

जेसीबीची बादली जवळ आली तेव्हा ते सरकले. एकदा सरकले, दोनदा सरकले, हाताने खुणा करत राहिले: अजून खाली, अजून. मग लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि जमीनच निघून गेली. ते उभे होते तीसुद्धा. कुणाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. गावाचं सगळं पाणी त्या एका तोंडातून खाडीकडे धावलं. दुपारपर्यंत घरं मोकळी झाली. बाबा दुसऱ्या दिवशी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडले.

बातमी आली: पुराच्या पाण्यात डंपरचालक वाहून गेला. कसला पूर? मी प्रत्येक पत्रकात लिहिते, इथेही लिहिते: नदी नाही, ढगफुटी नाही, खाडीला भरतीसुद्धा नव्हती. पाणी माणसांनी अडवलं होतं. त्या माणसांत माझे बाबा होते, हे मी लपवत नाही. आणि सेठ होता, हे कुणाला लपवू देणार नाही.

तेरावं झालं नव्हतं तोच सेठचा डंपर आला, ते तोंड पुन्हा बुजवायला. आम्ही पोरं आडवी उभी राहायला धावलो. ड्रायव्हर बाबांच्या बरोबरीचा, त्यांच्यासोबत बरीच वर्षं माती ओढलेला. त्याने डंपर मागे लावला, मागचा हौदा उचलायला घेतला आणि थांबला. खाली उतरला. माझ्याजवळ येऊन विचारलं, "हरी कुठं उभा होता?"

मी दाखवलं.

तो तिकडे बघत राहिला. मग वर चढला, हौदा खाली घेतला आणि भरलेला डंपर तसाच परत घेऊन गेला.